गढूळ पाण्याचा कैवारी

आपल्याकडे आश्विन उजाडला की पाऊस निरोप घेतो, आकाश निवळते, आणि नद्यांचे पाणी संथ व निर्मळ होऊन कवींच्या उपयोगी पडू लागते. परंतु अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन संस्थानात याच सुमारास नेमका उलटा व्यवहार सुरू होतो. तेथला उन्हाळा कोरडा ठणठणीत. पाऊस यायचा तो सप्टेंबर सरता सरता, आणि एकदा आला की वसंतापर्यंत जाण्याची भाषा काढायची नाही, असा त्याचा शिरस्ता आहे. प्रशांत महासागरावरून या पहिल्या पावसाचे ढग वर चढू लागले म्हणजे सिअ‍ॅटल आणि तिच्या आसपासच्या गावांतील यच्चयावत सभ्य नागरिकांच्या मुद्रा उतरतात, बागेतल्या खुर्च्या घरात जातात, आणि शेजारी शेजाऱ्याचे सांत्वन करू लागतो. या सार्वत्रिक दुखवट्यात एकच गृहस्थ असा आढळतो, की जो खिडकीपाशी उभा राहून पन्हाळीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज तल्लीनतेने ऐकत असतो आणि पावसाचा जोर किंचित ओसरला तर बेचैन होतो. नदीवर जाऊन गळाने कोहो सॅमन धरणे हे ज्याच्या आयुष्याचे मुख्य प्रयोजन, आणि पोटापाण्याचा उद्योग हे ज्याला त्या प्रयोजनाच्या आड येणारे एक किरकोळ विघ्न वाटते, असा हा गृहस्थ. सोयीसाठी आपण त्याला कोहोवाला म्हणू.

कोहोवाला एव्हरेटच्या विमान-कारखान्यात यंत्रज्ञ असेल, विम्याच्या कचेरीत कारकून असेल, किंवा एखाद्या शाळेत भूगोल शिकवीत असेल. बाहेरून पाहता त्याच्यात आणि इतर करदात्यांत भेद दिसत नाही. तथापि ऑक्टोबरात त्याच्या प्रकृतीत जो बिघाड होतो तो विलक्षण असतो. अकरा महिने ज्याला साधी शिंक येत नाही, त्याला या महिन्यात दर बुधवारी-गुरुवारी ताप भरतो. आणि त्याच्या साहेबाने जर नदीच्या पातळीचे दप्तर मागवून त्याच्या रजेच्या अर्जांशी ताडून पाहिले, तर हा ताप नदी चढत असताना कधीही येत नाही, उतरू लागली म्हणजेच येतो, असा वैद्यकशास्त्राला थक्क करणारा सिद्धान्त त्याच्या हाती लागेल.

ज्या माशापायी हा सारा खटाटोप, त्याचे चरित्र थोडक्यात सांगितले पाहिजे. कोहो जन्मतो तो डोंगरातल्या एखाद्या घोटाभर पाण्याच्या ओढ्यात. तेथे सुमारे दीड वर्ष काढून तो समुद्राला मिळतो, तेथे आणखी सुमारे दीड वर्ष यथेच्छ खाऊन सहा ते बारा पौंड वजनाचा, रुप्यासारखा लखलखीत होतो, आणि तिसऱ्या वर्षाच्या शरदात, ज्या ओढ्यात जन्मला त्याच्या पाण्याचा वास हुंगत हुंगत परत येतो. परतीच्या वाटेवर त्याचे रुपे झडून अंगावर तांबूस छटा चढते, नराचा जबडा आकड्यासारखा वळतो, आणि अंडी घालण्याचे कर्तव्य आटोपताच नर-मादी दोघेही देह ठेवतात. या चरित्रातले जे कलम कोहोवाल्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ते असे, की समुद्र सोडून गोड्या पाण्यात शिरल्यावर हा मासा अन्न वर्ज्य करतो. इतके की त्याचे जठरदेखील आक्रसून जाते. म्हणजे, नीट विचार केल्यास, कोहोवाल्याचा संपूर्ण व्यवसाय हा प्रायोपवेशनास बसलेल्या जीवाला फराळाचा आग्रह करण्याचा आहे.

ही अडचण त्याला ठाऊक नाही असे मात्र कोणी समजू नये. मासा जर खात नाही तर गळ का धरतो, हा प्रश्न त्याला विचारून पाहावा. तो गाडीच्या मागच्या फळीवर बैठक जमवतो, थर्मासमधली कॉफी ओततो, आणि पुढील पाऊण तास आपली सुटका नसते. मासा संतापाने धरतो हा एक पक्ष. समुद्रातल्या सवयीच्या अवशेषाने धरतो हा दुसरा. जागेचा हक्क शाबीत करण्यासाठी धरतो हा तिसरा. आणि माशाला हात नसल्यामुळे कोणतीही वस्तू तपासायची तर ती तोंडातच घ्यावी लागते, म्हणून केवळ जिज्ञासेने धरतो, हा चौथा. हे चारही पक्ष तो सारख्याच आवेशाने मांडतो, आणि ज्या दिवशी मासा मुळीच गळ धरीत नाही त्या दिवशीही ते चारही जसेच्या तसे सिद्ध होतात, हे त्याच्या शास्त्राचे वैशिष्ट्य.

परंतु त्याचा खरा व्यासंग माशाचा नव्हे, पाण्याचा. आणि पाण्यातही गढूळपणाचा. सिअ‍ॅटलच्या उत्तरेस वाहणारी स्कॅजिट ही प्यूजेट साउंड या खाडीला मिळणाऱ्या नद्यांत सर्वांत मोठी. अमेरिकन सरकारच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने तिच्यावर माउंट व्हर्नन येथे, आणि एके काळी सिमेंटच्या कारखान्यांमुळे ज्याचे नावच काँक्रीट पडले त्या गावाजवळ, प्रवाह मोजणारी यंत्रे बसवलेली आहेत. सेकंदाला किती घनफूट पाणी वाहते याचा आकडा या यंत्रांकडून दर पंधरा मिनिटांनी नोंदला जातो आणि फोनवर कोणासही पाहता येतो. पूरनियंत्रणाच्या अधिकाऱ्यांसाठी केलेली ही योजना प्रत्यक्षात कोहोवाल्यासाठीच आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. पहाटे डोळे उघडताच आधी तो आलेख. मग दात घासणे, मग कुटुंबीयांशी संभाषण, आणि तेही आलेखाची रेषा खाली वळलेली असेल तरच. चढत्या नदीत काही अर्थ नाही. कडेची माती, पालापाचोळा, उन्मळलेले ओंडके सारे वाहत असते. उतू गेलेली नदी ओसरू लागली, गाळ बसू लागला, आणि हिरवट-राखाडी पाण्यात दोन फुटांपर्यंत नजर जाऊ लागली, की त्या अवस्थेला तो जो मान देतो तो आपल्याकडे फक्त मुहूर्तांना दिला जातो. ही दोन फुटांची मोजदाद करण्याची त्याची रीत साधी आहे: गुडघाभर पाण्यात शिरायचे, मान खाली घालायची, आणि आपल्या बुटाचे टोक कोठे दिसेनासे होते ते पाहायचे. साठ हजार डॉलरांची गाडी, शंभर डॉलरांचा चष्मा, सरकारी उपकरणे, आणि या सर्वांवर अंतिम निवाडा देणारा बूट, अशी त्याच्या न्यायव्यवस्थेची उतरंड आहे.

गढूळपणाच्या जातीही त्याला पाठ असतात. रॉकपोर्ट गावापाशी स्कॅजिटला सॉक नदी मिळते, आणि सॉकच्या अंगात सुइअ‍ॅटल नदीने आणलेले ग्लेशियर पीक या हिमाच्छादित ज्वालामुखीवरचे पीठ असते. हिमनदी डोंगर दळते आणि तो दगडाचा मैदा पाण्यात उतरून सारा प्रवाह सिमेंट कालवल्यासारखा राखाडी करून सोडतो. ऊन तापले की बर्फ वितळते व मैदा वाढतो. थंडी पडली की तो आटोपतो. म्हणून कोहोवाल्याच्या प्रार्थनेत एक तांत्रिक गुंतागुंत असते. पाऊस पडावा, कारण त्यावाचून मासा समुद्रातून फारसा वर येत नाही. पण पाच हजार फुटांच्या वर तो हिम होऊन पडावा, म्हणजे पीठ खाली येणार नाही. मात्र हिम इतकेही पडू नये की नदीच आटेल. आणि हे सर्व गुरुवारच्या रात्रीपर्यंत आटोपून शुक्रवारी पहाटे पाणी उतरणीला लागावे. इतक्या शर्तींची अर्जी परमेश्वराच्या दरबारी याआधी कोणी गुदरली असेल असे वाटत नाही.

सामग्रीची हकीकत याहून विस्तृत आहे, पण ती संक्षेपानेच द्यावी हे बरे, कारण कोहोवाल्याच्या घरातील एक आख्खी गाडी उभी राहील एवढी जागा तिने व्यापलेली असते आणि गाडी बाहेर पावसात उभी असते. ब्लू फॉक्स छापाच्या भिंगऱ्या घ्याव्यात, कारण पाण्यात फिरताना त्यांची पात घुमते आणि गढुळात डोळ्यांना न दिसणारे आमिष माशाला अंगाच्या कडेने गेलेल्या संवेदनरेषेने जाणवते. डिक नाइट छापाचे चिमुकले चमचे घ्यावेत, कारण ते याच प्रांतातले, आणि स्थानिक माशाला स्थानिक माल पसंत पडणे साहजिक. शिशाच्या डोक्याला गुलाबी-जांभळी पिसे बांधलेले गळ घ्यावेत, काठीच्या टोकाने ते झटकून वर उचलावेत आणि खाली पडू द्यावेत, कारण कोहो धरतो तो पडत्या गळाला. या तिन्हींनी काम झाले नाही तर गाबोळी. सॅमनची गाबोळी टाकणखार, मीठ, साखर आणि भडक गुलाबी रंग यांत मुरवून तो बरण्यांत भरतो, आणि ही बरणी घरातल्या शीतकपाटात जॅमच्या बरणीशेजारी ठेवतो. या एका शेजारामुळे त्याच्या संसारात जितके प्रक्षोभ झाले तितके सासरच्या मंडळींच्या आगमनाने झाले नसतील.

वासाच्या बाबतीत तर तो सोवळ्याची परिसीमा गाठतो, आणि खेदाची गोष्ट अशी की याला शास्त्राचा आधार आहे. १९५४ साली कॅनडातील दोन संशोधकांनी वर चढणाऱ्या सॅमनच्या वाटेत, माणसाचे हात धुतलेले पाणी आणि अस्वलाच्या पंजाचा वास उतरलेले पाणी अशी निरनिराळी पाणी सोडून पाहिली. त्या वासाने मासे थबकले. मनुष्य आणि अस्वल यांच्यात माशाने भेद केला नाही, हा निकाल मानवजातीने फार मनावर घेतला नाही, पण कोहोवाल्याने घेतला. त्या दिवसापासून तो गळ बांधण्यापूर्वी हात लिंबाच्या साबणाने धुतो, आमिषाला बडीशेपेसारख्या वासाचे तेल चोळतो, आणि वाटेत पेट्रोल भरायची वेळ आली तर ते काम बरोबरच्या मित्राकडून करवून घेतो. तो मित्रही कोहोवालाच असल्यामुळे पेट्रोल-पंपावर जो दीर्घ वाद होतो त्यात कित्येकदा उजाडून जाते.

उजाडणे परवडणारे नसते, कारण मासा पहिल्या धूसर प्रकाशातच काय तो चंचल असतो असे शास्त्र सांगते. म्हणून अंधारात काठावर दिवे हलू लागतात. कोहोला वेगवान ओढ आवडत नाही. तो संथ डोहांत, बाजूच्या फाट्यांत, अडकलेल्या ओंडक्यांच्या आडोशाला विसावतो. आणि अशा जागा मोजक्याच असल्यामुळे त्यांच्या मालकीचा प्रश्न उपस्थित होतो. कागदोपत्री नदी सर्वांची. पण अमुक वाकलेल्या झाडाखालची जागा गेली वीस वर्षे आपल्या वहिवाटीची आहे, तेथे परका उभा राहिला तर ती दांडगाई होय, हे कोहोवाला कोणत्याही दिवाणी न्यायालयात शपथेवर सांगेल. परका आला तर त्याला हाकलण्याची रीत मात्र अत्यंत सुसंस्कृत असते. त्याच्याकडे पाहून हसायचे, हवेविषयी दोन शब्द बोलायचे, आणि मग अत्यंत खेदाने सांगायचे, की तुम्ही काल यायला हवे होते. काल येथे मासे उड्या मारीत होते. स्कॅजिटच्या काठावर ‘काल’ हा एकच दिवस असा आहे की ज्या दिवशी सर्वांना मासे मिळालेले असतात.

कायद्याशी त्याचे नाते भक्ताचे आहे आणि तक्रारदाराचेही. मत्स्यखात्याची नियमावली दरसाल निघते. त्यात नदीगणिक, पुलागणिक, तारखेगणिक निरनिराळे हुकूम असतात, आणि ती त्याला मुखोद्गत असते. काही ठिकाणी गळाला उलटा काटा नसावा. मासा तोंडाला अडकलेला असावा, पाठीला किंवा शेपटीला अडकला तर सोडावा. धरलेल्या माशाची नोंद तत्काळ, तेथल्या तेथे, शाईने कार्डावर करावी. आणि ज्या नदीवर जंगली मासा सोडण्याचा हुकूम असेल तेथे तो सोडताना पाण्याबाहेरसुद्धा पूर्ण काढू नये. जंगली कोणता आणि सरकारी पैदासकेंद्रातला कोणता हे ओळखण्यासाठी केंद्रातल्या पिल्लांच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा इवलासा मांसल पर लहानपणीच कापून टाकलेला असतो.

या शेवटच्या कलमावरून नदीकाठी आमच्यादेखत घडलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. रेडमंडला संगणकाच्या नोकरीत असलेला एक मराठी तरुण रत्नागिरीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आपल्या आईला घेऊन झाडांचे रंग पाहायला आला होता. त्यांच्यासमोरच एका कोहोवाल्याच्या काठीला बाक आला. मासा दोनदा हवेत उसळला, पाण्यात गिरक्या घेत दोर अंगाभोवती गुंडाळू लागला, ओंडक्याकडे धावला, तेथून फिरवला गेला, आणि शेवटी दमून काठाशी आला. कोहोवाल्याने वाकून त्याची पाठ निरखली, सुस्कारा सोडला, गळ काढला आणि मासा प्रवाहात सोडून दिला.

“काय रे,” मातोश्री गरजल्या, “धरलान तो सोडलान कशाला?”

“आई, त्याचा मागचा पर शाबूत होता. तो जंगली मासा. नेता येत नाही, कायदा आहे.”

“आणि पर कापलेला असता तर?”

“तर नेला असता त्याने.”

“म्हणजे कुणी कापून ठेवलेला असेल तो घरी न्यायचा, नि धडधाकट असेल तो सोडायचा?” क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “आमच्या मिरकरवाड्यात असा बाजार एक दिवस चालायचा नाही हो.”

बाई काय म्हणाल्या, हे कोहोवाल्याने मोठ्या उत्सुकतेने विचारले. मासा फार सुंदर होता असे आई म्हणते, असे चिरंजीवांनी सांगितले. आणि कोहोवाल्याने टोपी काढून त्या माउलीला अभिवादन केले.

मासा मिळाला नाही की मात्र जबाबदार कोण याची चौकशी सुरू होते, आणि आरोपींची यादी लांब असते: सील, समुद्रसिंह, पाणकावळे, व्यापारी जाळी, कॅनडा, मत्स्यखाते, आणि न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट. या शेवटच्या आरोपीने १२ फेब्रुवारी १९७४ रोजी असा निवाडा दिला, की १८५४-५५ च्या तहांनी मूळ रहिवाशांच्या जमातींना राखून ठेवलेल्या हक्कानुसार धरण्याजोग्या सॅमनपैकी निम्मा वाटा त्यांचा आहे. १९७९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो मूलतः कायम केला. कोहोवाल्याचे घर, घरातले गॅरेज आणि गॅरेजातली नाव ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन त्याच तहांनी गोऱ्या वसाहतवाल्यांच्या पदरात पडली, हे त्याला ठाऊक असते. पण दस्तऐवजातले घेण्याचे कलम ध्यानात आणि देण्याचे कलम विस्मरणात ठेवण्याची जी मनुष्यमात्राची चाल आहे तिला तो अपवाद नाही.

यादीत एक नाव मात्र कधी येत नाही. पावसाच्या पहिल्या सरीनंतर सिअ‍ॅटलच्या ओढ्यांत शिरलेले कोहो अंडी घालण्यापूर्वीच तडफडून मरतात, हे कोडे कित्येक वर्षे सुटत नव्हते; २०२० च्या डिसेंबरात वॉशिंग्टनमधील संशोधकांनी त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. मोटारीच्या टायरांत ते लवकर तडकू नयेत म्हणून एक रसायन घालतात; हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन जे विष तयार होते ते रस्त्यावरच्या रबराच्या भुकटीबरोबर पावसाने ओढ्यात उतरते, आणि त्याचा घाला कोहोवर विशेष पडतो. हा वृत्तान्त कोहोवाल्याने वाचला, हळहळला, संबंधितांना कडक शासन व्हावे असे मत त्याने दिले. आणि हे मत त्याने ज्या वाहनात बसून दिले त्याच्या चार टायरांची उंची मातोश्रींच्या कमरेइतकी होती.

इतके ज्ञान, इतका खर्च आणि इतकी जागरणे करून कोहोवाल्याला मासे मिळतात किती, हा प्रश्न असभ्य आहे. मिळतात, कधी कधी चांगले मिळतात. पण त्याच्या शास्त्राचा गाभा कोठे आहे हे ध्यानात येते ते पाऊस लांबलेल्या एखाद्या कोरड्या ऑक्टोबरात. अशा वेळी पाणी काचेसारखे होते, आणि डोहाच्या तळाशी ओळीने विसावलेले कोहो पुलावरून स्पष्ट दिसतात. कोहोवाला भिंगरी टाकतो; ती घुमत, चमकत, नियमाप्रमाणे कंपने उत्पन्न करीत माशांच्या ओळीपाशी येते; मासे अदबीने दोन-दोन बोटे बाजूला सरकतात, तिला वाट देतात, आणि ती गेल्यावर पुन्हा जागेवर येतात. गुलाबी पिसे टाकली, तीच अदब. गाबोळी टाकली, तीच अदब. संताप नाही, सवय नाही, मालकी नाही, जिज्ञासा तर नाहीच. चारही पक्ष भर उजेडात निकालात निघतात, आणि तेही साक्षीदारांसमक्ष. त्या दिवशी कोहोवाला दहालाच घरी परततो आणि पाणी फार स्वच्छ असल्याची तक्रार करतो.

उलट, पुढच्या आठवड्यात पाऊस पडून नदी उसळते, ओसरते, बुटाचे टोक दोन फुटांवर दिसेनासे होते, आणि तोच मनुष्य पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत कमरभर गार पाण्यात उभा राहून रिकाम्या हातांनी परततो तो प्रफुल्लित चेहऱ्याने. आज दोनदा झटका बसला, एकदा तर मासा खात्रीने होता, फक्त गळाचा रंग एक छटा उजळ हवा होता. तो झटका माशाचा की तळाशी रुतलेल्या ओंडक्याचा, हे त्या पाण्यात ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. आणि नेमकी हीच त्या पाण्याची थोरवी. मासा गढुळातच गळ धरतो असे कोहोवाला म्हणतो, ते काही अंशी खरेही आहे. पण सिद्धान्त गढुळातच टिकतो, हे त्याहून खरे आहे. निर्मळ पाण्यात मासे दिसतात म्हणून आशा संपते; गढुळात काहीच दिसत नाही म्हणून प्रत्येक फेकीच्या पलीकडे, बोटभर अंतरावर, बारा पौंडांचा मासा विचार करीत थांबलेला असतो.

नोव्हेंबर-डिसेंबरात हंगाम आटोपतो. कार्डावर शाईने केलेल्या नोंदी मोजक्या असतात, आणि ते कार्ड सरकारात दाखल करण्याची मुदत ३० एप्रिलपर्यंत असते. मच्छीमारीच्या परवान्याचे वर्ष मात्र १ एप्रिलला सुरू होते. ही तारीख ठरवताना मत्स्यखात्याच्या मनात काय होते ते कळण्यास मार्ग नाही; परंतु तिच्या योगाने मागील वर्षाचा जमाखर्च लिहून देण्यापूर्वीच पुढील वर्षाची सनद हाती घेण्याची सोय झाली आहे, आणि आजवर एकाही कोहोवाल्याने हा क्रम उलटा करण्याची मागणी केल्याचे ऐकिवात नाही.